पृष्ठवंशीयांचा मेंदू: 'सरड्यावर उंदीर, उंदरावर माणूस' ही उतरंड वर्गातून कशी घालवायची?

खानदेशी मास्तर

नमस्कार मंडळी. बारावी आणि बीएस्सी पहिलं वर्ष अशा मिश्र वर्गासाठी दीड तासाचं प्रात्यक्षिक बसवतोय. विषय: पृष्ठवंशीय प्राण्यांचा मेंदू गर्भात कसा घडतो आणि उत्क्रांतीत कसा बदलत गेला.

अडचण अशी की मुलं एक चित्र डोक्यात पक्कं करूनच येतात. तळाशी 'सरड्याचा मेंदू', म्हणजे भूक, राग, पळापळ. त्यावर सस्तन प्राण्यांचा भावनांचा थर. सगळ्यात वर माणसाचा विचारी थर. पॉल मॅक्लीनचं हे त्रिस्तरी मॉडेल मेंदूशास्त्रात कधीच मागे पडलं, पण व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत अजून जोरात चालतं. मला फळ्यावर 'हे चूक' असं लिहून मोकळं व्हायचं नाही. मुलांनी वस्तू हातात घेऊन ते स्वतःच मोडावं.

हाताशी साधा स्टिरिओ मायक्रोस्कोप, एक इनक्यूबेटर आणि दहा मिनिटांवर मासळी-मटण बाजार. काय दाखवू, कोणत्या क्रमाने?

झणझणीत

प्रात्यक्षिकानंतर भेजा फ्राय असेल तर पहिल्या बाकावर जागा धरा.

नळीपुराण

मास्तर, सुरुवात प्रौढ मेंदूपासून करू नका, नळीपासून करा. उतरंड तिथेच मोडते.

पाठीवरच्या बाह्यस्तराची पट्टी जाड होते, तिच्या कडा उचलल्या जातात, मधे खोबण पडते, कडा जुळून नळी बनते. या न्यूरल ट्यूबचं पुढचं टोक तीन ठिकाणी फुगतं: अग्रमस्तिष्क, मध्यमस्तिष्क, पश्चमस्तिष्क. पुढे पहिल्याचे दोन आणि तिसऱ्याचे दोन भाग पडून एकूण पाच फुगे होतात. माणसात तीन फुगे चौथ्या आठवड्यात, पाच साधारण पाचव्या आठवड्यात. मासा, बेडूक, कासव, कोंबडी, उंदीर, सगळ्यांत हाच क्रम. म्हणजे 'विचारी' म्हणवणारा सगळ्यात पुढचा फुगा माशाच्या गर्भातही पहिल्यापासून असतोच. तो नंतर वरून बसवलेला मजला नाही.

आता फुग्यांच्या सीमा कोण ठरवतं? मध्य आणि पश्च यांच्या सांध्यावर, म्हणजे इस्थमसवर, एक संघटक पट्टा असतो. त्याच्या पुढे ओटीएक्स-२ हे जनुक चालू, मागे जीबीएक्स-२ चालू, आणि दोघांच्या सीमेवर एफजीएफ-८ हे प्रथिन पाझरतं. १९९६ मध्ये एफजीएफ-८ मध्ये भिजवलेला बारीक मणी कोंबडीच्या गर्भात भलत्याच जागी, अग्रमस्तिष्काच्या मागच्या भागात, ठेवला तर तिथे जादा मध्यमस्तिष्क उगवलं. एका रेणूच्या जागेवर मेंदूचा एवढा मोठा भाग ठरतो हे मुलांना पटकन कळतं.

पश्चमस्तिष्कात तर खंडच पडतात, ऱ्होम्बोमिअर नावाचे. क्रॉक्स-२० हे जनुक तिसऱ्या आणि पाचव्या खंडात चालू, चौथ्यात बंद. फळ्यावर पट्टे काढून दाखवता येईल.

डॉ. भ्रूणिका

नळीपुराण यांच्या मुद्द्यात एक भर, कारण वर्गात अठरा-एकोणीस वर्षांची मुलं आहेत. माणसात नळीचं पुढचं तोंड साधारण २५ व्या दिवशी आणि मागचं २८ व्या दिवसाच्या आसपास मिटतं. गर्भ राहिल्याचं बऱ्याच जणींना तोपर्यंत कळलेलंही नसतं. पुढचं तोंड उघडं राहिलं तर कवटी आणि मोठा मेंदू घडतच नाही, मागचं राहिलं तर स्पायना बायफिडा. फॉलिक ॲसिड गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यायला सांगतात ते यासाठी. पाळी चुकल्यावर सुरू केलेली गोळी या कामाला बहुतेक वेळा उशिराच पोचते. आधीच्या गर्भात असा दोष झाला असेल तर मात्रा खूप जास्त असते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या १९९१ च्या चाचणीत अशा स्त्रियांना रोज ४ मिलिग्रॅम दिल्यावर पुन्हा दोष होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं होतं.

अंडेवाला

इनक्यूबेटर आहे म्हणता, मग नळी चित्रात कशाला? जिवंत दाखवा.

१. दुकानातली नेहमीची अंडी चालणार नाहीत, ती फलित नसतात. हॅचरीतून किंवा कोंबडा असलेल्या घरून आणा. आणल्यावर फ्रिजमध्ये ठेवू नका, ४ अंशांवर गर्भ मरतो. १२ ते १५ अंशांवर आठवडाभर टिकतात.

२. अंडी आडवी ठेवून ३७.५ ते ३८ अंश, आत पाण्याची थाळी. अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करा. गर्भ बलकावर तरंगून खुणेखालीच येतो.

३. साधारण ३३ तासांनी उघडा. टोकदार बाजूने सुईने २ ते ३ मिलिलिटर पांढरा बलक काढून घ्या म्हणजे पिवळा खाली बसतो आणि कवच कापताना फुटत नाही. फिल्टर पेपरची खिडकी पाडलेली चकती गर्भावर बरोबर बसवा, चकतीच्या बाहेरून कात्रीने कापा, उचला आणि कोमट सलाइनमध्ये सोडा. पक्ष्यांसाठी मीठ लिटरला ७.२ ग्रॅम, माणसाचं ९ ग्रॅमवालं नाही.

४. दिसत नाही अशी तक्रार हमखास येते. सलाइनमध्ये पातळ केलेली काळी चायनीज शाई गर्भाखाली सोडा, पांढरे सोमाइट (नळीच्या दोन्ही बाजूंना ओळीने पडणारे ठोकळे) आणि तीन फुगे उठून दिसतात.

कुठे बिनसतं: तास मोजून वाद घालू नका, सोमाइट मोजा. थंड अंडं गरम व्हायलाच काही तास जातात, म्हणून दोन अंडी एकाच वेळी ठेवूनही मागेपुढे असतात. १९५१ पासून सगळे हॅम्बर्गर-हॅमिल्टनचे ४६ टप्पे वापरतात ते याचमुळे. १० सोमाइट म्हणजे दहावा टप्पा, ३३ ते ३८ तास, तीन फुगे स्पष्ट. पाच फुगे हवे असतील तर ७२ तासांचं एक वेगळं ठेवा.

आणि गर्भाची दिशा शोधायला: अंड्याचं बोथट टोक डावीकडे धरलं तर बहुतेक वेळा गर्भाचं डोकं तुमच्यापासून लांब असतं.

खवलेमांजर

वरचं सगळं मान्य, पण 'सगळ्यांत एकच आराखडा' हे वाक्य मुलांच्या वहीत तसंच जाऊ देऊ नका. आराखडा एक आहे, भाग एकसारखे नाहीत.

हॅगफिश आणि लॅम्प्रे हे बिनजबड्याचे मासे. हॅगफिशच्या प्रौढ मेंदूत अनुमस्तिष्क (सेरेबेलम, मागचा लहान मेंदू) म्हणावं असं काही नसतं. लॅम्प्रेत आहे ते नावापुरतं, आणि त्याच्या चेतातंतूंवर मायलिनचं चरबीचं आवरण नाही. दुसऱ्या टोकाला आफ्रिकेतले विद्युत-मासे, मॉर्मिरिड. त्यांच्या अनुमस्तिष्काचा एक भाग एवढा वाढलाय की तो बाकी मेंदूवर पसरून त्याला झाकतो. हत्तीसोंड्या मासा, नाथोनेमस, त्याचा मेंदू शरीराच्या सुमारे ३ टक्के आहे पण शरीर वापरतं त्या ऑक्सिजनपैकी साधारण ६० टक्के एकटा खातो. आपला मेंदू खातो २० टक्के. उतरंडीत हा मासा कुठे बसवणार?

नळीपुराण

खवलेमांजर, हॅगफिशचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. जपानी संशोधकांनी २०१६ मध्ये हॅगफिशचे गर्भ तपासले, तेव्हा अनुमस्तिष्क जिथून उगवतं त्या कडेची जनुकं त्यांच्यातही योग्य जागी चालू दिसली. म्हणजे जागा आखलेली आहे, वर बांधकाम झालेलं नाही.

खवलेमांजर

मी तेच म्हणतोय. आखणी आणि बांधकाम वेगळं सांगा.

टेक्टम

मास्तरांनी बाजार म्हटलंय म्हणून मुद्द्याचं. चार डोकी घ्या: रोहू, मांगूर, कोंबडी, बकरा. बेडूक नको, पाल नको, तिथे चित्र किंवा मॉडेल.

*रोहू.* एक-दीड किलोच्या माशाचं डोकं, कोळणीला सांगा की डोकं मधून फोडू नको. मागून, मणका संपतो तिथून, कवटीचं छप्पर थोडं थोडं उचलत पुढे जा. आत मेंदू लगेच दिसत नाही, आधी पांढरट चरबीचा लगदा लागतो. तो कापसाने टिपून काढा. हाच मेंदू समजून मुलं तो चिमट्याने ओढतात आणि खालचं सगळं फाडतात. कार्प कुळात गंधकंद नाकाजवळ असतात आणि लांब दोरीने मेंदूला जोडलेले असतात. घाईने पुढचं हाड तोडलं की दोरी तुटते आणि 'माशाला गंधकंद नाही' असा शोध लागतो.

मधले दोन मोठे गोळे म्हणजे ऑप्टिक टेक्टम, डोळ्यांकडची माहिती घेणारा भाग. त्यामागे अनुमस्तिष्क. त्याच्याही मागे बघा: कार्प कुळात तिथे दोन ठळक फुगवटे असतात, व्हेगल लोब. तोंड-घशातली चव तिथे येते. या कुळातले कॉमन कार्प, गोल्डफिशसारखे मासे चिखल तोंडात घेऊन खाण्याजोगतं गाळून बाकी थुंकतात.

*मांगूर.* त्याच भागात व्हेगलपेक्षा फेशियल लोब मोठे, कारण मिशा आणि अंगावरच्या चवकळ्या चेहऱ्याच्या चेतेतून येतात. दोन मासे शेजारी ठेवले की मुलं स्वतःच म्हणतात, जे इंद्रिय जास्त वापरात त्याचा भाग मोठा. या धड्यातलं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात पक्कं उदाहरण आहे.

*कोंबडी.* चिकनवाल्याकडे डोकी फुकट मिळतात. कवटी पातळ, नेलकटरनेही निघते. ऑप्टिक लोब वर नाहीत, मोठ्या मेंदूने त्यांना बाजूला आणि खाली ढकललंय. मोठा मेंदू गुळगुळीत, पण वर एक उथळ खोबण दिसेल. खोबणीच्या आतल्या बाजूचा उंचवटा म्हणजे वुल्स्ट.

*बकरा.* खाटकाने सुऱ्याने मधोमध केलेलं डोकं मिळालं तर वाईट वाटून घेऊ नका, मधला छेद आयता मिळाला. अनुमस्तिष्कातली झाडासारखी पांढरी नक्षी त्यातच दिसते. एक अख्खा मेंदूही घ्या. मोठ्या मेंदूचा मागचा भाग आणि अनुमस्तिष्क अलगद फाकवा, खाली चार छोटे उंचवटे. पुढचे दोन म्हणजे रोहूतले तेच टेक्टम. माशात सगळ्यांच्या डोळ्यांत भरणारा भाग बकऱ्यात लपलाय, पण गेलेला नाही. पिट्युटरी शोधत बसू नका, ती कवटीच्या तळाच्या खड्ड्यात मागे राहते.

झणझणीत

म्हणजे बाजारात कोळीण, चिकनवाला आणि खाटीक या तिघांनाही 'नीट काढा, अभ्यासाला हवंय' सांगायचं. मास्तर, पिशव्या वेगळ्या न्या, घरी प्रश्न विचारले जातील.

नीलाक्षी

टेक्टम, रोहूच्या पुढच्या मेंदूबद्दल तुम्ही गडबडीत पुढे सरकलात, आणि सगळ्यात मोठा घोळ तिथेच आहे.

कोंबडीत, बकऱ्यात, शार्कमध्ये पुढची नळी दोन्ही बाजूंना फुगून दोन गोलार्ध होतात, प्रत्येकाच्या आत पोकळी. रोहूसारख्या किरणपरी माशांत तसं होत नाही. नळीचं छप्पर ताणून पातळ पडतं आणि दोन्ही भिंतींच्या वरच्या कडा शर्टाच्या कॉलरसारख्या बाहेर दुमडतात. म्हणून रोहूत गोलार्धांच्या आत पोकळी नाही. वर पारदर्शक पडदा आहे, तो चिमट्याने उचलला की खाली भरीव गोळे. पोकळी पडदा आणि गोळ्यांच्या मधे.

याचा परिणाम असा की इतरांत जे आतल्या कडेला ते यांच्यात बाहेरच्या कडेला. आपला हिप्पोकॅम्पस (जागा आणि आठवणी सांभाळणारा भाग) मध्यरेषेजवळ, माशातला त्याचा जोडीदार बाजूला. स्पेनमधल्या सेव्हिय्येच्या गटाने गोल्डफिशचा तो बाजूचा भाग काढला तर माशांना टाकीतल्या खुणांवरून जागा शोधणं जमेना. जुन्या लोकांनी आडवा छेद बघून माशात कॉर्टेक्सच (मोठ्या मेंदूचं वरचं आवरण) नाही, फक्त स्ट्रायटम (त्याखालचा खोल भाग) आहे असं ठरवलं होतं, त्यामागे हे दुमडणं लक्षात न घेणं हे एक मोठं कारण.

पक्ष्यांबाबत तीच चूक झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लुडविग एडिंगरच्या मांडणीतून पक्ष्यांच्या पुढच्या मेंदूच्या भागांना निओस्ट्रायटम, हायपरस्ट्रायटम अशी नावं पडली. म्हणजे सगळं सहजप्रेरणेचं, विचाराचं काही नाही. २००२ मध्ये ड्यूक विद्यापीठात तज्ज्ञ बसले आणि २००४ मध्ये नवी नावं आली: निडोपॅलियम, मेसोपॅलियम, हायपरपॅलियम. बऱ्याच छापील आकृत्यांत अजून जुनीच आहेत. मास्तर, तुमच्या तक्त्यावर 'निओस्ट्रायटम' असेल तर चिकटपट्टी लावा.

नळीपुराण

नीलाक्षीताई, नावं बदलली हे योग्यच. पण त्यावरून लोक थेट 'पक्ष्याचा डीव्हीआर म्हणजे आपला कॉर्टेक्सच' म्हणतात ते मला पटत नाही. समान काम आणि समान मूळ एक नव्हे.

नीलाक्षी

मी तसं म्हटलेलं नाही, पण वाद खरा आहे, मुलांना सांगायलाच हवा. डीव्हीआर म्हणजे पक्षी-सरपटणाऱ्यांच्या गोलार्धाच्या भिंतीतून आत पोकळीत वाढलेला गोळा. हार्वे कार्टेनने १९६० च्या दशकात म्हटलं की त्यातले पेशीगट आपल्या कॉर्टेक्सच्या थरांचेच भाऊबंद आहेत, फक्त थरांऐवजी गठ्ठ्यांत मांडलेले. २०१२ मध्ये आपल्या चौथ्या आणि पाचव्या थराच्या खुणेची जनुकं पक्ष्यांच्या अपेक्षित गठ्ठ्यांत सापडली, त्याने त्यांची बाजू वर आली. उलट पक्ष म्हणतो की डीव्हीआर भिंतीच्या खालच्या भागातून उगवतो आणि आपला कॉर्टेक्स वरच्या, म्हणून तुलना कॉर्टेक्सशी नाही, अमिग्डालाच्या (भीती-भावनांशी जोडलेला भाग) परिसराशी करा. २०२५ च्या फेब्रुवारीत कोंबडी, सरडा, उंदीर यांच्या एकेका पेशीतली जनुकं मोजून शोधनिबंध आले. त्यांत आवर घालणाऱ्या चेतापेशी सगळ्यांत खूप सारख्या निघाल्या, उत्तेजक पेशी मात्र वंशावंशांत बऱ्याच बदललेल्या, आणि सारखं काम करणारी मंडलं वेगळ्या जागी, वेगळ्या वेळी घडलेली. सध्या पारडं नळीपुराण यांच्याकडे झुकलंय. ३२ कोटी वर्षांपूर्वी वाटा फुटल्या, दोघांनी आपापलं बांधलं.

आणि सरड्यालाही तीन थरांचा कॉर्टेक्स आहे, हिप्पोकॅम्पस आहे. तेव्हा 'सरड्याचा मेंदू' तळमजल्यावर ठेवणाऱ्यांनी सरड्याचा मेंदू कापून पाहिलेला नसतो.

खवलेमांजर

आणि मॅक्लीनचं मॉडेल ज्याला 'सरड्याचा' म्हणतं ते बेसल गँग्लिया (हालचाली निवडणारे खोलवरचे पेशीगट) सरड्याच्याही फार आधीचे. स्टॉकहोममध्ये स्टेन ग्रिल्नरच्या गटाने लॅम्प्रेत त्यांची मुख्य मंडलं दाखवली. ती वाट ५० कोटी वर्षांपूर्वी फुटलेली. नाव द्यायचंच तर लॅम्प्रेचा मेंदू द्या, पण शिबिरात ते विकलं जाणार नाही.

सातपुडा

सोपा प्रश्न. मग शेवटी मोठा मेंदू = हुशार हे तरी खरं का? वजन सांगा ना, मुलांना आकडा लागतो.

पेशीमोजणी

वजन नको. हत्तीचा मेंदू साडेचार-पाच किलो, माणसाचा सव्वा ते दीड. मग लोक शरीराच्या मानाने मोजायला गेले. हॅरी जेरिसनने १९७३ मध्ये गुणांक रूढ केला, पण त्यात कॅपुचिन माकड गोरिलाच्या वर जातं. मी पेशींवर भर देईन.

मोजण्याची पद्धत सुझाना हेर्कुलानो-हौझेलने २००५ मध्ये आणली. फॉर्मल्डिहाइडने घट्ट केलेला मेंदू डिटर्जंटमध्ये वाटून त्याचं एकजीव सूप करतात. पेशींची आवरणं फुटतात, केंद्रकं अख्खी राहतात. ती रंगवून रक्तपेशी मोजायच्या काचेवर मोजायची, मग प्रतिपिंड लावून त्यातली चेतापेशींची किती ते काढायचं. मेंदू कमी मुरला तर केंद्रकंही फुटतात, फार मुरला तर प्रतिपिंड चिकटत नाही. दोन्हीत आकडा खाली येतो.

माणूस: ८६ अब्ज चेतापेशी. पैकी ६९ अब्ज अनुमस्तिष्कात, कॉर्टेक्समध्ये फक्त १६ अब्ज. आफ्रिकी हत्ती: २५७ अब्ज, पण ९७.५ टक्के अनुमस्तिष्कात, कॉर्टेक्समध्ये ५.६ अब्ज.

पक्षी, २०१६ ची मोजणी: गोल्डक्रेस्ट या चिमुकल्या पक्ष्याचा मेंदू ०.३६ ग्रॅम, त्यात १६.४ कोटी. उंदराचा ०.४२ ग्रॅम, त्यात ७.१ कोटी. डोमकावळ्याच्या पॅलियममध्ये (मोठ्या मेंदूचा वरचा भाग) सुमारे १.२ अब्ज, म्हणजे कितीतरी मोठ्या मेंदूच्या कॅपुचिन माकडाच्या कॉर्टेक्सएवढ्या. पक्ष्यांनी पेशी लहान ठेवून दाटीने भरल्या.

सातपुडा

म्हणजे 'चिमणीएवढा मेंदू' ही शिवी आता कौतुक समजायची. बरं, एवढ्या पेशी येतात कुठून? जादा जनुकं लागतात का?

नळीपुराण

बहुतांशी जादा वेळ लागतो. पोकळीच्या काठावरच्या मूळपेशी आधी स्वतःची संख्या वाढवतात, मग चेतापेशी सोडतात. वाढवण्याचा टप्पा एक फेरी लांबला की मूळपेशी दुप्पट. उंदरात कॉर्टेक्सच्या चेतापेशी सुमारे ६ दिवसांत बनतात, ११ फेऱ्या. ऱ्हीसस माकडात सुमारे ६० दिवस, २८ फेऱ्या. बार्बरा फिनले आणि रिचर्ड डार्लिंग्टन यांनी १९९५ मध्ये १३१ सस्तन जाती तपासून दाखवलं की भाग घडण्याचा क्रम जवळजवळ ठरलेला आहे. वेळापत्रक लांबलं की जे उशिरा घडतं ते जास्त फुगतं, आणि कॉर्टेक्स उशिराच्या रांगेत आहे.

जनुकांचाही वाटा आहे. एआरएचजीएपी-११बी हे जनुक फक्त माणसाच्या शाखेत आहे, ते मूळपेशींना जास्त वेळा विभागायला लावतं. २०१५ मध्ये ड्रेस्डेनच्या गटाने ते उंदराच्या गर्भात घातलं, तर काहींच्या गुळगुळीत कॉर्टेक्सला घड्या पडल्या. पण एका जनुकाने माणूस झाला असं मात्र वर्गात म्हणू नका.

टेक्टम

फिनले-डार्लिंग्टनवर सगळं टांगू नका. मांगूर आणि रोहू वेळापत्रकाने वेगळे झालेले नाहीत, तिथे एकेक भाग स्वतंत्रपणे वाढलाय. मेक्सिकोच्या गुहेतला आंधळा मासाही तसाच. गर्भात मध्यरेषेवर सॉनिक हेजहॉग या संदेश देणाऱ्या प्रथिनाचा पट्टा रुंद होतो, डोळा मरतो, टेक्टम लहान राहतो, चवकळ्या मात्र वाढतात. दोन्ही प्रकार चालतात.

नळीपुराण

मान्य. सस्तनांत वेळापत्रकाचं वजन जास्त, एवढंच म्हणतो.

खानदेशी मास्तर

सगळ्यांचे आभार, मागितलं त्याच्या दुप्पट मिळालं. सध्या असं ठरवतोय: पहिली २५ मिनिटं अंडी, ३३ आणि ७२ तासांची शेजारी शेजारी. मग ४० मिनिटं डोकी, चार गट. प्रत्येक गटाला रिकामा तक्ता: गंधकंद, मोठा मेंदू, टेक्टम, अनुमस्तिष्क, चवीचे लोब, मोठा, मध्यम, लहान की दिसत नाही. तक्ते भिंतीवर लावल्यावरच मॅक्लीनचं चित्र दाखवायचं आणि विचारायचं, यातला कोणता भाग रोहूत नव्हता? उरलेल्या वेळात पेशीमोजणी यांचे आकडे आणि पक्ष्यांचा वाद.

दोन शंका. बकऱ्याचा मेंदू ताजा हाताळला तर लोण्यासारखा होतो. आणि शार्क कशी दाखवू, आमच्याकडे समुद्र नाही.

टेक्टम

बाजारचं फॉर्मालिन १ भाग, पाणी ९ भाग. मेंदूच्या दहापट द्रावण, तळाला कापूस, नाहीतर खालची बाजू चपटी होते. दुसऱ्या दिवशी द्रावण बदला, मग दोन आठवडे. अख्खा मेंदू बाहेरून घट्ट आणि आतून कच्चा राहतो, म्हणून दोन गोलार्धांमधून आत एक छोटी चीर द्या. वर्गाच्या आदल्या रात्री वाहत्या पाण्याखाली ठेवा, हातमोजे आणि खिडक्या उघड्या. मुलांना फॉर्मालिनच्या बरणीत हात घालू देऊ नका. रोहू, मांगूर, कोंबडी ताजीच बरी, फक्त बर्फावर ठेवा आणि त्याच दिवशी संपवा.

खवलेमांजर

मुशीचं डोकं कोकणातून बर्फात मागवा, लहान चालेल. कवटी कूर्चेची, हाड नाही, त्यामुळे करवत-हातोडा काही नको. ब्लेड आडवं धरून वरून पापुद्रे काढत जा, जवळ आलात की मेंदू कूर्चेतून आधीच दिसू लागतो. टोकाच्या बाजूने भोसकू नका. मोठा मेंदू आणि अनुमस्तिष्क दोन्ही भरघोस दिसतील. एक गट वाढवा, रोहूशेजारी बसवा, म्हणजे नीलाक्षीताईंचं दुमडणं आणि न दुमडणं एकाच टेबलावर येईल.

झणझणीत

पाच डोकी, तीन बाजार, एक इनक्यूबेटर. मास्तर, फॉर्मालिनची बरणी आणि डबा एका टेबलावर ठेवू नका, आणि माझी भेजा फ्रायची मागणी मी मागे घेतो.